सात गाण्यांचं शेवटचं कडवं

"माझी गाणी कोणीतरी इकली, नाझरसाहेब. अन् ते म्हणून राहिले, इकणारी मीच हाय."

पंचफुलाबाईंनी पिशवीतून दोन मोबाइल काढून टेबलावर ठेवले. एक त्यांचा, बटणांचा, रबर बँड लावलेला. दुसरा त्यांच्या लेकीचा, ऐश्वर्याचा. त्या दुसऱ्यावर तिनं एक पत्र उघडून दिलं.

विश्वंभररावांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. वसमतच्या कोर्टात त्यांची पस्तीस वर्षं गेली, शेवटची अकरा नाझर म्हणून. निवृत्त झाल्यावर त्यांनी ओसरीत टेबल टाकलं आणि 'ग्राहकांना मोफत सल्ला' अशी पाटी लावली. लोक येत, पण बहुतेक न वाचलेल्या कागदावर सही करून झाल्यावरच येत. माणसं वाचत नाहीत, या गोष्टीचा त्यांना मनापासून राग होता. बायको गेल्यापासून तर घरात बोलायला तेवढाच एक विषय उरला होता.

पत्र 'स्वरबोली' नावाच्या कंपनीचं होतं. पंचफुला जळबा खिल्लारे यांनी नऊ सप्टेंबरला ऑनलाइन करार करून बारा गाण्यांचे सगळे हक्क कायमचे कंपनीला दिले आहेत, म्हणून त्यांच्या चॅनेलवरची गाणी काढून टाकली आहेत. यापुढे जाहीर कार्यक्रमात ती गायल्यास कारवाई होईल.

"बारा फेब्रुवारीला ह्यांचा तिसरा स्मृतिदिन हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या. "विहारापुढं मांडव घालून राहिले. गावोगावची माणसं येतील. शाहीर जळबाची बायको उभी राहील अन् गाणार काय? त्यायचीच गाणी त्यायच्याच दिवशी गायची न्हाईत?"

त्यांचा आवाज चढला नाही. चाळीस वर्षं हजारोंपुढे भीमगीतं गायलेल्या बाईचा आवाज असा बसलेला पाहून विश्वंभररावांना वाईट वाटलं. हातात सतरा दिवस होते.

"तुम्ही कुठं बोट लावलंत? कुणाला ओटीपी सांगितलात?"

"न्हाई. माझ्या फोनात असलं काही उघडतच न्हाई."

"कुणी फोन करून विचारलं?"

"कोणी न्हाई."

"मग हे काय?" त्यांनी पत्राखालचं चिन्ह दाबलं. सहमतीचा पुरावा म्हणून कंपनीनं आवाजाचा तुकडा जोडला होता.

"मी पंचफुला जळबा खिल्लारे, राहणार वसमत. ही बारा गाणी मी राजीखुशीनं देऊन राहिले."

आवाज त्यांचाच होता, यात शंकेला जागा नव्हती. बोलण्यामागे एकसारखी गडगड ऐकू येत होती.

"पाऊस आहे मागं," ऐश्वर्या म्हणाली. "त्या आठवड्यात ढग गडगडतच होते. मी नांदेडला होते, कॉलेजात. पण आईला असं कोणी बोलायला लावलं असतं तर तिनं मला सांगितलं असतं ना?"

"मी बोललेच न्हाई," पंचफुलाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "आवाज माझाच हाय, साहेब," असंही म्हणाल्या.

पोरीचं तोंड उतरलं. आई विसरली की आई खोटं बोलते, असा तिला प्रश्न पडलेला दिसत होता.

विश्वंभररावांनी कागद ओढला. "नऊ सप्टेंबर, संध्याकाळी सात वीसला तुमच्या या नंबरावर ओटीपी आला. फोन कुठं होता?"

"घरी. खिळ्याला लटकवलेला. वर्षावासाचे दिवस. सहा ते आठ विहारात ग्रंथवाचन असतं, मग गाणी. वाचनाला मी फोन नेत न्हाई."

"घराला कुलूप?"

"कडी घालते. कुलूप कोणाच्या भीतीनं लावू?"

"मधल्या वेळात कोण येतं?"

"आपलीच माणसं. रुख्मिणीबाई पाणी भरायला येती. प्रमोद सव्वासातच्या सुमाराला ढोलकी न्यायला येतो. लेकरं चेंडू काढायला येतात."

"आणि ही गाणी रेकॉर्ड कधी केली?"

"गेल्या एप्रिलात, घरीच," ऐश्वर्या म्हणाली. "माझ्या फोनवर. प्रमोदकाका ढोलकीवर होते. माइक कुलदीपनं आणला होता, वारंग्याच्या मोबाइल दुकानवाल्यानं. चॅनेल काढून गाणी चढवायचे पाचशे रुपये आईनं त्याला दिले. सगळी रेकॉर्डिंगं मी त्याला पाठवली. काकांनाही पाठवली, ऐकायला."

"पावती?"

तिनं पावती काढून दिली. विश्वंभररावांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा समाधान दिसलं. त्या पावतीवर स्वरबोलीचाच शिक्का होता; कुलदीप कंपनीचा दलाल निघाला. म्हणजे पंचफुलाबाई कंपनीच्या ग्राहक होत्या, आणि ग्राहकाला तक्रारीचा दरवाजा उघडा असतो. प्रश्न एवढाच होता की त्या दरवाजातून सांगायचं काय.

*

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं वारंगा फाट्यावर उतरले. कुलदीपचं दुकान टायरवाल्याच्या शेजारी होतं. गळ्यात तीन वायरी, तोंडात तीन कंपन्यांची नावं.

"मी फक्त लिंक पाठवतो, अंकल."

"कुणी मागितली?"

"बाईंच्या नंबरवरून मेसेज आला. 'लिंक पाठवा.' मी पाठवली. त्यांचा साधा फोन, म्हणून मला वाटलं पोरीच्या फोनवर उघडतील."

"करार वाचलास?"

कुलदीप हसला. "एक्केचाळीस पानं हायेत. इंग्रजी. कोण वाचून राहिलं?"

विश्वंभररावांच्या कपाळाची शीर ताठ झाली, पण राग त्यांनी गिळला. कारण आदल्याच रात्री त्यांच्या फोननं काहीतरी विचारलं होतं आणि त्यांनीही 'मान्य आहे' दाबून फोन उशाला ठेवला होता.

"तुला काय मिळालं?"

"बारा गाण्यांमागं चारशे. कमीत कमी बारा लागतात, त्याच्याखाली फॉर्म पुढंच जात न्हाई." त्यानं आपल्या फोनवर स्वरबोली उघडली. पंचफुलाबाईंचा फोटो, खाली बारा गाणी. "लई चालून राहिलीत. पण सात गाणी तोकडी दिली बाईनं. कंपनी म्हणती, पूर्ण द्या. गाणं जितकं लांब तितक्या जास्त जाहिराती."

"तोकडी म्हणजे?"

"शेवट कापलाय. ऐका ना."

विश्वंभररावांनी टायरच्या ढिगावर बसून बाराही गाणी ऐकली. शाहीर लोक शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतात, ही जुनी रीत. पाच गाण्यांत ते कडवं होतं. 'शाहीर जळबा सांगे' असं स्पष्ट ऐकू येत होतं. सातांत मात्र ते नव्हतं. त्याच्या आधीच गाणं तोडलेलं होतं.

आणि प्रत्येक गाण्याखाली एक ओळ होती. गीतकार: पारंपरिक.

"हे पारंपरिक कुणी लिहिलं?"

"कंपनीनं. आधी फॉर्ममध्ये काय भरलं होतं ते मला दिसत न्हाई. ओळखीचं नाव नसलं की ते पारंपरिक टाकून देतात. करारात तसं कलमच हाय."

परतीच्या एसटीत विश्वंभरराव खिडकीला डोकं टेकून बसले. कुलदीप लबाड होता, पण आळशी लबाड. चारशे रुपयांसाठी तो लिंक पाठवील, गाणी कापत बसणार नाही. मग कापली कुणी? गीतकाराचं नाव लपवून गाणी चोरायची असती तर बाराही कापायला हवी होती. पाच तशीच ठेवणारा हा कसला चोर?

*

शनिवारी दुपारी ते कारखाना रोडवरच्या वस्तीत पंचफुलाबाईंच्या घरी गेले. शेजारी रामकिशनच्या अंगणात ताडपत्रीखाली एक भलंमोठं लोखंडी पिंप आडवं पडलेलं होतं.

"हे काय?"

"हळदीला पॉलिश करायचा ड्रम," ऐश्वर्या म्हणाली. "अजून हळद जमिनीतच आहे. मार्च ते मे फिरतो, मग वर्षभर असा पडून. फिरायला लागला की आमच्या घरात मोठ्यानं बोलावं लागतं."

विश्वंभरराव ताडपत्रीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती एप्रिलची रेकॉर्डिंगं लाव. अगदी पहिल्यापासून."

गाणी पूर्ण होती, शेवटच्या कडव्यासकट. ते डोळे मिटून ऐकत होते आणि मांडीवरच्या कागदावर रेघा ओढत होते. तिसऱ्या गाण्याला ते म्हणाले, "इथं ढोलकी का थांबली?"

"प्रमोद शेवटच्या कडव्याला थांबतो," पंचफुलाबाई चहा गाळत म्हणाल्या. "पहिल्यापासून. बोल नीट ऐकू यावेत म्हणून."

"प्रत्येक गाण्याला?"

पंचफुलाबाईंचा हात गाळणीवर थांबला. "न्हाई. काही काही गाण्याला."

विश्वंभररावांनी बारावं गाणं संपल्यावर रेघा मोजल्या. मग कागदाची घडी करून खिशात घातली. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"प्रमोदला उद्या बोलवा," ते म्हणाले.

*

प्रमोद आला तो बोटांना निळा रंग घेऊनच. पन्नाशीचा, किडकिडीत. दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरणारा माणूस. फ्लेक्सच्या जमान्यात कामं आटली होती, तरी वसमतमधल्या निम्म्या जुन्या दुकानांवर मालकांची नावं त्याच्याच हातची होती. सतराव्या वर्षापासून तो जळबांच्या मागे ढोलकी घेऊन बसला होता.

"जय भीम, साहेब. वहिनीनं बोलावलं म्हणून काम टाकून आलो."

"जय भीम. बसा. नऊ सप्टेंबरला संध्याकाळी सातला कुठं होतात?"

"विहारात. वाचनाला."

"तुम्ही रोज वाचनातून उठून ढोलकी न्यायला इथं येता. सव्वासातच्या सुमाराला."

"व्हय. मग काय झालं?"

"तेच सांगतो." विश्वंभररावांनी आवाजाचा तुकडा लावला. "हा पाऊस नाही. ढग गडगडतो आणि थांबतो. ही गडगड एकसारखी आहे, गिरणीसारखी. रामकिशनचा ड्रम आहे हा. आणि सप्टेंबरात तो फिरत नाही. म्हणजे हे वाक्य एप्रिलमधलं. बाई, रेकॉर्डिंगच्या आधी तुम्हाला कुणी नाव-गाव सांगायला लावलं होतं?"

पंचफुलाबाईंनी डोळे मिटले. हळूहळू त्यांना आठवलं. "प्रमोदनं, त्याच्याच फोनवर. म्हणला, वहिनी, रेडिओवर सांगतात तसं सुरुवातीला सांगा. ही गाणी राजीखुशीनं देऊन राहिले, म्हणा. मला वाटलं, ऐकणाऱ्यायला देऊन राहिले."

"खोटं नाही बोललीस तू," ऐश्वर्या आईला म्हणाली.

"त्या वेळी करार कुणाच्या डोक्यात नव्हता," विश्वंभरराव म्हणाले. "वाक्य साधं होतं. ते सप्टेंबरात कामाला आलं. लिंक या खिळ्यावरच्या फोनवरून मागितली, ओटीपीही त्यावरच आला. कुलदीप त्या वेळी चाळीस किलोमीटरवर. ऐश्वर्या नांदेडला. फोन करून विचारायचं म्हटलं तर बाई विहारात आणि फोन इथं. म्हणजे हात या घरातला हवा, आणि त्या हातात रेकॉर्डिंगं असलेला मोबाइल हवा. रुख्मिणीबाईंकडे ती नव्हती, लेकरांकडे नव्हती."

प्रमोदनं खाली मान घालून नखातला रंग खरवडायला सुरुवात केली.

"पण काहून?" पंचफुलाबाईंनी त्याला सरळ विचारलं. "पैशापायी?"

"पैसे नाहीत, बाई. पैशासाठी कुणी शेवटचं कडवं कापत नाही." विश्वंभररावांनी खिशातला कागद काढला. "कंपनीकडे सात गाणी कापून गेली. एप्रिलच्या रेकॉर्डिंगमध्ये सात गाण्यांच्या शेवटच्या कडव्याला ढोलकी थांबते. तीच सात. एकही इकडची तिकडं नाही. बोल ऐकू यावेत म्हणून थांबायचं असतं तर बाराला थांबली असती. प्रमोद, तुम्ही त्या नावाखाली ढोलकी वाजवत नाही. तीस वर्षं वाजवली नाहीत. का, ते तुम्ही सांगता की मी सांगू?"

प्रमोदनं नख खरवडायचं थांबवलं.

"मी लिवली ती," प्रमोद म्हणाला. "साती. एकोणीस वर्षांचा व्हतो, पयलं गाणं दादाला दाखवलं. दादा म्हणला, गाणं खरं हाय, पण तुझं नाव कोण ऐकणार? यंदा माझं नाव टाकू, पुढच्या साली तुझं. पुढचं साल आलंच न्हाई. लोक दादाला खांद्यावर घ्यायचे माझ्या बोलावर, अन् मी मागं बसून ढोलकी आवळायचो."

"खोटं बोलून राहिला हा," ऐश्वर्या म्हणाली. तिनं आईकडे पाहिलं. "आई, सांग ना."

पंचफुलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "खरं हाय, बाई. मला माहीत व्हतं. ह्याच चुलीपाशी बसून लिवायचा. मीच चहा द्यायची. अन् रात्री मांडवात तुझ्या बापाचं नाव घेऊन गायची."

लेकीनं तोंड फिरवलं. बापाची तसबीर भिंतीवर होती, तिच्याकडेही ती बघेना.

"फॉर्मवर रकाना व्हता, गीतकार," प्रमोद सांगत होता. "सातायला माझं नाव टाकलं, पाचायला दादाचं. हक्क बिक्क मला काही ठाऊक न्हाई, साहेब. दिसभर लोकायची नावं रंगवतो. एकदा आपलं बघावं वाटलं. इचारायला पायजे व्हतं वहिनीला. हिंमत झाली न्हाई. तीन दिवस दिसलं नाव. चौथ्या दिवशी पाहतो तर पारंपरिक."

विश्वंभररावांना संताप आला, पण तो नेमका कुणावर काढावा ते कळेना. जळबा मेलेले होते. कंपनीला चेहराच नव्हता. समोर बसलेल्या या माणसानं एक्केचाळीस पानं न वाचता जे गमावलं होतं, ते त्याला अजून पुरतं कळलंही नव्हतं. ते सांगण्याचं काम त्यांच्या वाट्याला आलं होतं.

"नीट ऐका," ते म्हणाले. "बाईंनी सहमती दिलीच नाही. दुसऱ्यानं दिली, चोरून. म्हणजे करार करारच नाही. प्रमोदनं तसा जबाब लिहून दिला तर मी उद्याच नोटीस पाठवतो. बनावट सहमती म्हटल्यावर कंपनी कोर्टापर्यंत यायची नाही, बाराही गाणी सोडील. पण एक अडचण आहे."

"कोणती?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"कंपनीचा वकील विचारील, गाणी कुणाची? जळबांची म्हटलं, तर हक्क बाईंचा, आणि बाईंनी होकार दिला नाही. बारा सुटतात. पण प्रमोद म्हणाला की सात माझी, तर वकील हसून म्हणेल, मग सातांच्या मालकानंच तर 'मान्य आहे' दाबलं. बोट त्याचं, गाणी त्याची, तक्रार कसली? पाच बाईंना परत मिळतील. सात कंपनीकडे राहतील. प्रमोद वर्षानुवर्षं भांडू शकतात, कदाचित जिंकतीलही. बारा फेब्रुवारीला मात्र ती गाता येणार नाहीत."

"म्हणजे माझी म्हणलं तर जातात," प्रमोद म्हणाला, "अन् दादाची म्हणलं तर राहतात."

"हो."

"असा कसा कायदा, साहेब?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न विश्वंभररावांना अनेकांनी विचारला होता आणि त्यांनी प्रत्येकाला पुढची तारीख दिली होती.

"तू सांग, प्रमोद," पंचफुलाबाई म्हणाल्या. "सात तुझी हायेत, असं मी चारचौघांत सांगते. मांडवात सांगते. पाच गाईन अन् बसून घेईन. मला आता कोणाची लाज न्हाई. पण तू माझ्या खिळ्यावरल्या फोनाला हात लावला, तेबी मी इसरणार न्हाई."

प्रमोदनं तसबिरीकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या ढोलकीकडे.

"मांडव घालून राहिले, वहिनी. त्या दिवशी लोक साती गाणी मागतील. कंपनीच्या घशात घालण्यापरीस दादाच्या नावावर राहू द्या. तिथं निदान तुमी गाता."

विश्वंभररावांनी जबाब लिहिला. ओटीपी कुणी टाकला, आवाज कधीचा, गाणी कुणी कापली, सगळं खरं. शेवटच्या वाक्यापाशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे वाक्य मी लिहिणार नाही. लिहायचं असेल तर तुम्ही लिहा."

प्रमोदनं पेन घेतलं. पाटी रंगवताना घेतो तसा श्वास रोखला आणि एकेक अक्षर सावकाश काढलं: 'ही बाराही गाणी शाहीर जळबा खिल्लारे यांची आहेत.' अक्षर फार सुंदर होतं. मग त्यानं जबाब पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. पान उलटलं, मागची बाजूही वाचली. विश्वंभरराव आयुष्यभर लोकांना हेच सांगत आले होते, वाचून सही करा. त्या दिवशी मात्र त्यांना ते बघवलं नाही. ते चपला घालून अंगणात गेले.

*

नोटिशीला कंपनीनं उत्तर दिलं नाही. नवव्या दिवशी गाणी ॲपवरून उतरली, एवढंच.

बारा फेब्रुवारीला मांडव भरला. पंचफुलाबाई उभ्या राहिल्या. प्रमोद नेहमीप्रमाणे मागे. ऐश्वर्या आली होती, पण पुढे बसली नाही. विश्वंभरराव शेवटच्या रांगेत होते, शेजारचा माणूस त्यांना सांगत होता की असा शाहीर पुन्हा होणे नाही.

तिसरं गाणं लागलं. सातांतलं पहिलं. विश्वंभररावांना कडवी पाठ झाली होती. शेवटचं कडवं आलं आणि त्यांनी कान टवकारले.

'शाहीर जळबा सांगे,' पंचफुलाबाईंनी सूर लावला. त्यांचा आवाज किंचित अडखळला, कारण तिथं त्यांना तीस वर्षं एकटीनं गायची सवय होती.

ढोलकी वाजत होती. एकही ठेका न चुकवता प्रमोदनं ती शेवटपर्यंत वाजवली, आणि सातांतल्या उरलेल्या सहा गाण्यांतही तो कुठे थांबला नाही.